काटा, वाफ आणि झाकण : जुन्या मोटारीचा तापमापक कसा वाचावा?

१/
दोन मोटारींची कल्पना करावी. एक १९२५ सालातील, दुसरी १९६५ सालातील. दोन्हींच्या तापमापकावर १०० अंश सेल्सिअस हाच आकडा आहे. पहिल्या मोटारीच्या रेडिएटरमधून वाफेचा लोट उठतो आहे आणि चालकाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आहे. दुसरी मोटार मात्र निर्धास्त धावते आहे. आकडा एकच, अर्थ दोन. हा फरक कुठून आला, हे समजून घ्यायचे तर इंजिनाचा ताप मोजण्याचा शंभरेक वर्षांचा इतिहास उलगडावा लागतो. हा धागा त्या इतिहासाविषयी.

२/
बखर हाती आली की अभ्यासक आधी काही प्रश्न विचारतो. ती कोणी लिहिली? केव्हा लिहिली? लिहिणारा घटनास्थळी होता, की ऐकीव माहितीवर विसंबून होता? तापमापकाच्या काट्यालाही हेच प्रश्न विचारावे लागतात. तो नेमके कशाचे तापमान सांगतो, कोणत्या जागेवरून सांगतो, आणि कोणती गोष्ट त्याला दिसूच शकत नाही? ही चिकित्सा चुकली तर सिलिंडर हेड वाकते, गॅस्केट जळते. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या इंजिनाचा सुटा भाग सहज मिळत नाही. तिथे एका चुकीच्या वाचनाची किंमत कायमची मोजावी लागते.

३/
मुळात इंजिनाला पाणी कशासाठी? सिलिंडरमध्ये इंधन जळते तेव्हा वायूचे तापमान क्षणभर २००० अंशांच्या वर जाते. ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळते. इंधनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी, ढोबळमानाने, एक तृतीयांश भागातून चाके फिरतात, एक तृतीयांश धुराबरोबर निघून जाते आणि उरलेली उष्णता इंजिनाच्या भिंतींमधून बाहेर काढावी लागते. हे काम सिलिंडरभोवती फिरणारे पाणी करते. ते थांबले तर धातू प्रसरण पावतो, वंगणाचा थर तुटतो आणि पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो.

४/
आरंभीच्या मोटारीत पाणी उकळणे हा दोष नव्हता. ती इंजिन थंड ठेवण्याची रीतच होती. कार्ल बेंझ यांच्या १८८५ च्या तीनचाकी मोटारीत सिलिंडरभोवतीचे पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि जाताना उष्णता घेऊन जाई. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला या मोटारीने गेल्या, तेव्हा वाटेत वारंवार पाणी भरावे लागले. उकळते पाणी आपले तापमान स्वतःच १०० अंशांच्या आसपास धरून ठेवते. त्यामुळे इथे तापमान मोजण्याचे कारणच नव्हते. पाणी किती उरले, एवढेच पाहायचे.

५/
हे चित्र १९०० च्या अखेरीस बदलले. विल्हेल्म मायबाख यांनी डाइम्लर कंपनीच्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज मोटारीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर रचला. त्यात ८०७० बारीक नळ्या होत्या. वारा नळ्यांतून वाहे, पाणी त्यांच्या फटींतून. उष्णता इतक्या वेगाने निघून जाऊ लागली की पूर्वीच्या निम्मे पाणी पुरेसे झाले आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरू लागले. गाडी हलकी झाली. पण साठा घटला तशी चुकीला जागाही घटली. आता पाण्याचे तापमान भार, वेग आणि वारा यांनुसार खालीवर होऊ लागले. ते जाणून घेण्याची गरज इथे निर्माण झाली.

६/
गरज निर्माण झाली तरी साधन लगेच आले नाही. १९०८ मध्ये बाजारात आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी मोटारीत तापमापक नव्हता. सुरुवातीच्या सुमारे २५०० गाड्यांनंतर तर पाण्याचा पंपही काढून टाकण्यात आला. गरम पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी खाली उतरते, या नैसर्गिक प्रवाहावरच सगळे चाले. रेडिएटरमधील पातळी वरच्या नळीच्या खाली गेली की हा प्रवाह तुटे आणि इंजिन तापू लागे. चालकाला त्याची वार्ता देणारी साधने म्हणजे वास, वाफ, इंजिनाची ठोके दिल्यासारखी खडखड आणि मंदावणारी ओढ. ही सगळी लक्षणे रोग बळावल्यावर दिसणारी.

७/
१९१२ मध्ये अमेरिकेत हॅरिसन बॉइस यांच्या नावाने एक साधे उपकरण पुढे आले : बॉइस मोटोमीटर. रेडिएटरच्या झाकणातच बसवलेला हा तापमापक होता. खालचे टोक रेडिएटरच्या आत, वरचा गोल चेहरा बाहेर. काचेच्या नळीतील लाल द्रव ताप वाढेल तसा वर चढे. चालक आपल्या आसनावरून, बॉनेटच्या पार टोकाशी असलेल्या त्या गोल खिडकीकडे पाहून अंदाज घेई. न्यूयॉर्कमधील लाँग आयलंड सिटी येथे त्याचे उत्पादन होई. ज्या मॉडेल टी गाडीत कारखान्याने तापमापक दिला नव्हता, त्या गाडीचे मालकही तो स्वतंत्रपणे विकत घेत.

८/
मोटोमीटरचा इतिहास बहुधा सजावटीच्या अंगाने सांगितला जातो. त्यावर कंपनीचे चिन्ह असे, दोन्ही बाजूंना पंख लावले जात, आणि रेडिएटरवरील शोभेच्या मूर्तींच्या शेजारी त्याची गणना होई. त्याहून महत्त्वाची गोष्ट आतल्या टोकाशी आहे. ते टोक पाण्यात बुडालेले नसे. ते पाण्यावरच्या मोकळ्या जागेतील वाफ आणि हवा यांचे तापमान सांगे. म्हणजे हा साक्षीदार दाराबाहेर उभा राहून आतली हकिकत कळवणारा. सिलिंडर हेडमध्ये काय चालले आहे ते त्याला उशिरा कळे, आणि रात्रीच्या अंधारात त्याची साक्ष वाचणेही कठीण.

९/
साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याच्या साक्षीचा अर्थ स्थळावर अवलंबून असतो. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील पाइक्स पीक हे शिखर समुद्रसपाटीपासून सुमारे ४३०० मीटर उंच आहे. १९१६ मध्ये तिथे मोटारींची चढाईची शर्यत सुरू झाली. इतक्या उंचीवर हवेचा दाब एवढा कमी असतो की पाणी सुमारे ८६ अंशांनाच उकळते. खालच्या मैदानात जो आकडा निकोप इंजिनाचा, तोच आकडा शिखराजवळ रेडिएटर उकळण्याचा. उपकरण बिघडलेले नव्हते. उकळण्याची सीमारेषाच खाली सरकली होती.

१०/
महाराष्ट्रातही हा हिशेब लागू पडतो. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी साधारण ९५.५ अंशांना उकळते. शिवाय घाट चढताना दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. चढामुळे इंजिन अधिक इंधन जाळते, आणि खालच्या गिअरमुळे वेग मंदावून रेडिएटरला वारा कमी मिळतो. उष्णता वाढते, ती काढून नेणारा वारा घटतो, आणि वर उत्कलनबिंदूही उतरलेला असतो. बोरघाटात बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या जुन्या गाड्यांचे दृश्य एका पूर्ण पिढीच्या परिचयाचे आहे. ‘गाडी तापली’ या दोन शब्दांमागे हे तिहेरी कारण आहे.

११/
स्थळाप्रमाणे ऋतूही आकड्याचा अर्थ बदलतो. थंड देशांत हिवाळ्यात रेडिएटरमधले पाणी गोठून इंजिन फुटू नये म्हणून त्यात अल्कोहोल मिसळत. मिथेनॉल ६५ अंशांना उकळते, इथेनॉल ७८ अंशांना. असे मिश्रण पाण्याच्या कितीतरी आधी उकळू लागे, आणि अल्कोहोल गुपचूप उडून जाई. उन्हाळ्यात ८५ अंश म्हणजे उत्तम प्रकृती. जानेवारीत तोच आकडा म्हणजे गोठणरोधक द्रव संपत चालल्याची खूण. १९२७ मध्ये अमेरिकेत प्रेस्टोन या नावाने इथिलीन ग्लायकॉल विक्रीला आले आणि ही अडचण हळूहळू मिटली. निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी असे मिश्रण साध्या दाबाखालीही सुमारे १०७ अंशांपर्यंत उकळत नाही.

१२/
पुढचा टप्पा विमानांशी जोडलेला आहे. पहिल्या महायुद्धात पाण्याने थंड होणारी इंजिने असलेली अनेक विमाने होती. वैमानिकाला रेडिएटरच्या झडपा उघडझाप करून तापमान राखावे लागे. साडेचार हजार मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपास उकळते. पण तिथली हवाही गोठवणारी असते. म्हणजे इंजिन उकळण्याचे आणि अतिथंड होण्याचे, असे दोन्ही धोके. अशा वेळी तापमापक डोळ्यांसमोर, उपकरणफलकावरच हवा. तापमान जिथे मोजायचे ते ठिकाण आणि जिथे वाचायचे ते ठिकाण, या दोहोंमधील अंतर ओलांडणारे साधन त्यासाठी लागणार होते.

१३/
त्या साधनाचे मूळ १८४९ मधील. फ्रान्सच्या यूजेन बूर्दों यांनी त्या वर्षी वाफेचा दाब मोजण्यासाठी एक वक्र, चपटी धातूची नळी वापरात आणली. आत दाब वाढला की नळी उलगडू पाहते, आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. मोटारीच्या तापमापकात हीच नळी फलकामागे असते. तिथून केसासारखी बारीक तांब्याची नळी, म्हणजे केशनलिका, इंजिनापर्यंत जाते. इंजिनाच्या टोकाला पाण्यात बुडालेला एक छोटा धातूचा फुगा असतो, आणि त्यात ईथरसारखा चटकन वाफ होणारा द्रव. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून असे तापमापक मोटारींच्या फलकावर येऊ लागले आणि मोटोमीटरचे दिवस संपत गेले.

१४/
या उपकरणाची एक खोड लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याच्या तबकडीवरील अंतरे समान नसतात. ४० अंशांना ईथरच्या वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १.२ पट असतो. ७० अंशांना तो ३ पट होतो आणि १०० अंशांना सुमारे ६.४ पट. पहिल्या ३० अंशांत १.८ पटींची वाढ, पुढच्या ३० अंशांत ३.४ पटींची. म्हणून तबकडीच्या थंड बाजूला आकडे दाटीवाटीने बसतात आणि गरम बाजूला ऐसपैस. काटा मध्यावर आहे म्हणजे तापमान निम्मे आहे, असे येथे समजू नये. आणि गरम बाजूला काटा झरझर सरकला तरी प्रत्यक्षातील वाढ तेवढी मोठी नसते.

१५/
या जातीच्या तापमापकाला वीज लागत नाही. किल्ली काढली तरी तो बोलत राहतो. म्हणूनच एक दृश्य नवख्या मालकाला घाबरवते : गाडी थांबवून इंजिन बंद केले, आणि काटा वर चढू लागला! कारण सरळ आहे. पंप आणि पंखा थांबले, पाणी जागच्या जागी राहिले, आणि तापलेल्या धातूतील उष्णता त्यात उतरत राहिली. काही मिनिटांत तापमान आपोआप खाली येते. चाके फिरत असतानाची चढण आणि गाडी थांबल्यानंतरची चढण, या दोन वेगवेगळ्या घटना आहेत.

१६/
त्याची दुबळी बाजूही त्याच केशनलिकेत आहे. ती कुठे दुमडली, घासली किंवा तुटली, की ईथर निसटून जाते, दाब संपतो आणि काटा थंड टोकाला जाऊन पडतो. इंजिन उकळत असले तरी काटा म्हणणार, सगळे थंड आहे. इतिहासात एखाद्या काळाची कागदपत्रे सापडत नाहीत म्हणून त्या काळी काही घडलेच नाही, असे म्हणता येत नाही. काट्याच्या मौनाचेही तसेच. दहा-पंधरा मिनिटे चालवूनही काटा हलला नाही, तर ती सुखवार्ता नसून चौकशीचे कारण आहे.

१७/
आता पहिल्या कोड्याकडे वळू. १९२५ आणि १९६५ यांच्या दरम्यान बदलले ते रेडिएटरचे झाकण. १६७९ मध्ये देनी पापँ यांनी लंडनमध्ये बंद भांड्यात दाबाखाली अन्न शिजवून दाखवले होते. आजच्या प्रेशर कुकरचा तो पूर्वज. दाब वाढला की पाणी उकळण्याचे तापमानही वाढते, हे तेच तत्त्व. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे स्प्रिंग असलेली दाबाची झाकणे सर्वसाधारण मोटारींत रूढ झाली. ठरावीक दाब होईपर्यंत झाकण वाफ अडवून धरते, त्यापलीकडे सोडून देते. शिट्टीविना चालणारा कुकरच म्हणा.

१८/
आकडे पाहिले की या बदलाचा आवाका ध्यानात येतो. समुद्रसपाटीवर, निव्वळ पाणी धरले तर, ४ पौंडांचे झाकण (म्हणजे प्रति चौरस इंच ४ पौंडांचा जादा दाब) उत्कलनबिंदू सुमारे १०७ अंशांवर नेते. ७ पौंडांचे झाकण १११ अंशांपुढे, आणि १५ पौंडांचे झाकण १२१ अंशांपर्यंत. त्यात ग्लायकॉल मिसळले की मर्यादा आणखी वर जाते. म्हणून १०० हा आकडा एकट्याने काहीच सिद्ध करत नाही. झाकणावर छापलेला दाब, रेडिएटरमधील द्रव आणि गाडी उभी असलेली उंची, या तिन्ही गोष्टी ठाऊक असल्यावरच त्याला अर्थ येतो.

१९/
याची दुसरी बाजू जीवघेणी आहे. दाबाखाली ११० अंशांना पाणी शांत दिसते. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो, ते पाणी क्षणात उकळीच्या पलीकडे जाते आणि वाफेसह उसळून हात-चेहरा भाजते. दाबविरहित काळात चालकांना लागलेली सवय, म्हणजे गाडी तापली की लगेच झाकण काढून पाणी ओतणे, दाबाच्या झाकणाच्या काळात घातक ठरली. शिवाय अतितप्त लोखंडावर गार पाणी पडले तर धातू तडकतो. इंजिन पुरते निवेपर्यंत थांबणे हाच एक उपाय. आणि झाकणाची रबरी कडा झिजली असेल, तर कागदावर १२१ अंशांची हमी देणारी गाडी प्रत्यक्षात १०० अंशांनाच उकळते.

२०/
काटा एका जागी स्थिरावतो तो थर्मोस्टॅटमुळे. इंजिन थंड असताना ही झडप पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ठरावीक तापमानाला ती उघडते. युद्धोत्तर ब्रिटिश मोटारींसाठी सहसा ७४, ८२ आणि ८८ अंशांचे थर्मोस्टॅट मिळत; पहिला उष्ण हवेसाठी, मधला सर्वसाधारण, तिसरा थंडीसाठी. म्हणजे एकाच नमुन्याच्या दोन गाड्यांत काटा दोन वेगळ्या जागी स्थिर राहिला, तरी दोन्ही निरोगी असू शकतात. गाडी सुरू केल्यावर काटा चढतो, मग किंचित खाली येतो आणि स्थिरावतो. तो क्षणिक उतार म्हणजे झडप उघडल्याची नोंद.

२१/
थर्मोस्टॅटच्या बिघाडालाही इतिहास आहे. जुन्या थर्मोस्टॅटमध्ये द्रवाने भरलेला, भात्यासारखा घड्यांचा धातूचा डबा असे. तो फुटला की झडप बहुधा उघडी राही आणि इंजिन थंड चाले. नंतर मेण भरलेले थर्मोस्टॅट आले. भात्यावर रेडिएटरमधील वाढत्या दाबाचा परिणाम होई, मेणावर तो जाणवण्याइतका होत नसे, म्हणून दाबाच्या झाकणाशी मेणाचे जमले. पण मेणाचा थर्मोस्टॅट निकामी झाला तर बऱ्याचदा बंद अवस्थेत अडकतो आणि इंजिन वेगाने तापते. सतत थंड टोकाकडे राहणारा काटाही शुभलक्षण नव्हे. थंड इंजिनात न जळलेले पेट्रोल तेलात मिसळते, वंगण पातळ होते आणि सिलिंडर झिजतो.

२२/
१९६० च्या दशकात अनेक ब्रिटिश मोटारींत केशनलिका जाऊन तार आली. स्मिथ्स ही मुळात लंडनच्या घड्याळजींची पेढी. तिच्या विद्युत तापमापकात द्विधातू पट्टी असे : वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावणारे दोन धातू एकमेकांना चिकटवलेले, तापवले की वाकणारे. ही कल्पना जॉन हॅरिसन यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास सागरी घड्याळासाठी वापरली होती. जहाजाचे रेखांश अचूक कळावेत म्हणून शोधलेली पट्टी दोनशे वर्षांनी मोटारीच्या फलकावर काटा हलवू लागली. पट्टीभोवतीच्या तारेतून वीज वाहते, पट्टी तापते, वाकते आणि काटा हळूहळू सरकतो.

२३/
इंजिनाच्या टोकाला बसतो तो सेंडर. त्यातील पदार्थ तापला की त्याचा विद्युत रोध घटतो. असा गुणधर्म मायकेल फॅरडे यांनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये टिपला होता. पाणी तापले की रोध कमी, वीज जास्त, काटा वर. यावरून बिघाड ओळखता येतो. तार तुटली तर वीज थांबते आणि काटा थंड टोकाला राहतो. तारेचे आवरण निघून ती गाडीच्या लोखंडाला टेकली तर वीज भरधाव वाहते आणि काटा एकदम गरम टोकाला जातो. पाणी इतक्या झपाट्याने तापत नाही. किल्ली फिरवल्यावर मिनिटभरात काटा टोकाला गेला, तर दोष इंजिनात नसून तारेत आहे.

२४/
या रचनेत आणखी एक घटक आहे : व्होल्टेज स्टॅबिलायझर. बॅटरीचा दाब बदलता असतो, म्हणून ही छोटी डबी वीज चालू-बंद करत सरासरी १० व्होल्ट पुरवते. इंधनाचा काटा आणि तापमानाचा काटा, दोघेही तिच्यावर अवलंबून. तिची अर्थिंग सैल झाली की दोघांनाही जादा वीज मिळते. टाकी भरलेली दिसते आणि इंजिन तापलेले. इथे दोन साक्षी एकमेकींना दुजोरा देतात असे वाटते, पण दोन्ही एकाच चुकीच्या मूळ प्रतीवरून उतरवलेल्या असतात. दोन बखरींतला मजकूर जुळला म्हणून तो खरा ठरत नाही. एकीने दुसरीवरून नक्कल केली नाही ना, हे आधी पाहावे लागते. दोन्ही काटे एकदमच वर गेले, तर संशय प्रथम त्या डबीवर घ्यावा.

२५/
सर्वांत फसवी स्थिती अजून उरली आहे. होजपाइप फुटतो, पाणी वाहून जाते. सेंडर किंवा ईथरचा फुगा पाण्याऐवजी हवेत लोंबकळू लागतो. हवा धातूइतकी चटकन उष्णता पोहोचवत नाही. काटा मध्यावर रेंगाळतो किंवा खालीही येतो. इकडे सिलिंडर हेड जळत असते. चढता चढता अचानक घसरलेला काटा म्हणून सर्वांत धोक्याचा. तापमापक इंजिनाचे तापमान मोजत नाही, आपल्याभोवती जे काही आहे त्याचे मोजतो. त्याच्याभोवती पाणी असेल, हे फक्त गृहीत धरलेले असते.

२६/
म्हणून जाणकार एका आकड्यापेक्षा काट्याची चाल पाहतात. गर्दीत हळू चालताना चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो : वारा अपुरा, पंखा किंवा त्याचा पट्टा तपासावा. वेगात वा चढावर चढतो आणि संथ चालताना उतरतो : रेडिएटर आतून गाळाने भरलेला असण्याची शक्यता. कधीच वर येत नाही : थर्मोस्टॅट उघडा अडकलेला, किंवा तार तुटलेली. आणि ईथरच्या तापमापकाची परीक्षा सोपी. फुगा बाहेर काढता आला तर उकळत्या पाण्यात धरावा; मुंबईत काटा १०० वर आला पाहिजे, महाबळेश्वरला ९५ च्या जरा वर.

२७/
विसाव्या शतकाच्या मध्यापासून आकडेच नाहीसे होऊ लागले. अनेक तबकड्यांवर अंशांच्या जागी थंड, सामान्य, गरम या अर्थाची तीन इंग्रजी अक्षरे आली. अमेरिकेत हडसन कंपनीने १९३० च्या दशकातच तेलाच्या दाबासाठी काट्याऐवजी इशाऱ्याचा दिवा वापरला होता. पुढे तापमानासाठीही अनेक गाड्यांत तेच झाले. इलेक्ट्रॉनिक युगात तर काटा असूनही तो बोलेनासा झाला. आजच्या बऱ्याच मोटारींत तापमान ८० अंशांवरून १०५ पर्यंत गेले तरी काटा मध्यावरून ढळत नाही. मधले चढउतार संगणक गाळून टाकतो. हलणारा काटा पाहून ग्राहक विनाकारण धास्तावतात, हे त्यामागचे कारण सांगितले जाते.

२८/
जुना काटा उशिरा बोले, चुके, कधी उलटही सांगे; पण तो जे सांगे ते कोणी संपादित केलेले नसे. त्याच्या चुकांना कारणे होती आणि ती कारणे समजून घेता येत. नवा काटा शांत आहे, कारण काय सांगायचे आणि काय नाही, हे कारखान्यात आधीच ठरले आहे. पहिल्यात चालकाला विचार करावा लागे. दुसऱ्यात विश्वास ठेवावा लागतो. बहुतेकांसाठी दुसरी सोय अधिक सुरक्षित, यात वाद नाही. पण साधन वाचण्याची विद्या मात्र पहिल्याकडेच शिकता येते.

२९/
मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची निवृत्त झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात बांधलेल्या, फियाट ११०० च्या वंशातील या गाडीबरोबर काटा, वाफ आणि वास यांवरून इंजिनाची प्रकृती ओळखणारे चालकही पांगत आहेत. आता जुन्या मोटारी भेटतात त्या मेळाव्यांत आणि संग्रहालयांत. अशा एखाद्या गाडीच्या मालकाने बॉनेट उघडून दाखवले, तर आधी रेडिएटरच्या झाकणावर छापलेला दाबाचा आकडा शोधावा, मग सेंडर किंवा फुगा कुठे बसवला आहे ते पाहावे. काट्याकडे नजर त्यानंतर वळवावी.